जांभळा, गुलाबी आणि मधली मी

मित्रांनो, पृथ्वीवर माणूस नव्हता, माकड नव्हतं, गवताचं पातंही नव्हतं, तेव्हापासून जंतू आहेत. त्या अगणित जंतूंच्या अफाट राज्याची बरोबर दोन भागांत वाटणी करणारी महाशक्ती आज स्वतः तुमच्याशी बोलत आहे. सावरून बसा. मी एक जुनी बाटली आहे.

तसली नव्हे. तुमच्या वडिलांना हसू आलं असेल तर त्यांना सांगा, माझ्यात स्पिरिट होतं हे खरं, पण ते प्यायचं नव्हतं. मी शंभर मिलिलिटरची, तपकिरी काचेची, रबरी टोपणाची साधी बाटली. जन्म कुठला ते ठाऊक नाही. बुडाला काचेतच एक नंबर उमटलेला आहे, पण नंबर म्हणजे गाव नव्हे. सुरुवातीला माझ्यात खोकल्याचं औषध होतं. आमच्या मालक डॉक्टरांच्या सासूबाईंनी ते औषध संपवलं आणि खोकला तेवढा ठेवून घेतला. मग मला धुऊन, नवं टोपण बसवून कोल्हापुरात राजारामपुरीतल्या लॅबमध्ये आणलं. साल एक्क्याण्णव. खाली झेरॉक्सचं दुकान, वर इंग्रजी बोलायला शिकवणारा क्लास, आणि मध्ये आम्ही. वरून दिवसभर 'हाऊ आर यू' ऐकू यायचं आणि आमच्या बाकावर बसलेले लोक त्याचं खरं उत्तर घेऊन आलेले असायचे.

आता माझं काम सांगते. ते समजल्याशिवाय पुढचं दुःख समजायचं नाही.

जंतू म्हणजे एकच पेशी, आणि घराला असते तशी तिला भिंत. काहींची भिंत जाडजूड, थरावर थर शिवलेल्या वाकळेसारखी. काहींची पातळ, नायलॉनच्या साडीसारखी, आणि वरून तिला तेलकट पदर. रंगपंचमीला वाकळेवर आणि साडीवर एकच जांभळा रंग पडला तर दोन्ही सारख्याच जांभळ्या दिसणार. मग ओळखायचं कसं? धुऊन बघायचं. साडी एका पाण्यात स्वच्छ होते. वाकळेतला रंग वाकळेबरोबरच जातो.

आम्ही तेच करायचो. काचपट्टीवर पू पसरायचा, सुकवायचा, ज्योतीवरून फिरवायचा. मग जांभळ्या बाटलीतला रंग घालायचा. मग आयोडीन, म्हणजे रंग आत पक्का बसतो. मग मी. माझ्या स्पिरिटनं तो तेलकट पदर विरघळतो आणि पातळ भिंतीतून जांभळा रंग वाहून जातो. जाड भिंत उलट आवळून बसते, रंग सोडत नाही. शेवटी गुलाबी बाटली. ज्यांचा रंग गेला, ते गुलाबी होतात. मायक्रोस्कोपखाली जांभळा दिसला तो ग्रॅम पॉझिटिव्ह, गुलाबी दिसला तो ग्रॅम निगेटिव्ह.

हे ग्रॅम म्हणजे वजन नव्हे, मित्रांनो. ही रीत शोधून काढणाऱ्या परदेशी डॉक्टरांचं ते आडनाव. आणि निगेटिव्ह म्हणजे जंतू नाहीत असंही नव्हे. जंतू आहेतच, फक्त भिंतीची जात निराळी. त्यामुळे औषधही निराळं लागतं, कारण जाड भिंतवाल्याला मारणारं औषध पुष्कळदा त्या तेलकट पदराच्या बाहेरच अडकून राहतं. ग्रॅमचं आणि निगेटिव्हचं, एवढी दोन वाक्यं ध्यानात ठेवा. एका माणसाला ती वेळेवर कुणी सांगितली नाहीत.

आम्ही चार बहिणी एका लाकडी घडवंचीवर उभ्या असायचो. कौतुक व्हायचं ते रंगीत बहिणींचं. आलेला प्रत्येक विद्यार्थी म्हणायचा, वा, काय जांभळा आहे! वा, काय गुलाबी! मला कुणी वा म्हटलं नाही. जगात रंग लावणाऱ्याचं नाव होतं, धुणारीचं होत नाही. याबद्दल शंका असेल तर शालूबाईंना विचारा. शालूबाई आमच्या लॅबमध्ये काचसामान धुवायच्या. माझ्या पोटावरचं इंग्रजी लेबल त्यांना वाचता यायचं नाही, म्हणून त्यांनी मला 'पुसणी' असं नाव ठेवलं होतं. "पुसणी संपत आली वो सर," म्हणून त्याच आठवण करून द्यायच्या.

आणि काम तर माझंच अवघड. दहा सेकंद. कमी धुतलं तर सगळे जंतू जांभळे, जास्त धुतलं तर सगळे गुलाबी. दोन्ही रिपोर्ट छान दिसतात आणि दोन्ही खोटे असतात.

ते दहा सेकंद प्रसेनजीत मोजायचा. प्रसेनजीत आमचा टेक्निशियन, कागलकडचा. त्याचे वडील दुसऱ्याच्या खळ्यावर धान्य मापायला जायचे. मापताना पहिल्या मापाला 'एक' म्हणायचं नसतं, 'लाभ' म्हणायचं असतं. लाभ, दोन, तीन. घरातला पहिला शिकलेला मुलगा पांढरा कोट घालून लॅबमध्ये आला, पण मोजायची सवय खळ्यावरचीच घेऊन आला. माझा थेंब पट्टीवर पडला की तो पुटपुटायचा, "लाभ... दोन... तीन..." दहा झालं की लगेच पाण्याखाली. त्याचा हात इतका बसला होता की भिंतीवरचं घड्याळ त्याच्याकडे बघून चालत असावं अशी मला शंका यायची.

शालूबाई त्याला चिडवायच्या. "सर, लाभ लाभ म्हनताय आनी मापताय काय, तर पू! तुमच्या खळ्यावर सुगी जोरात हाय की."

"मावशी, पीक येईल ते मापायचं," प्रसेनजीत म्हणायचा.

असे आमचे बरे दिवस चालले होते. मग शहाण्णव सालच्या मार्चमध्ये एका दुपारी हुपरीहून बाळासो आले.

हुपरी चांदीचं गाव. घरोघरी पैंजण घडतात. बाळासोंच्याही घरात तेच काम. चाळिशीचा माणूस, बोटं काळी, शर्टाच्या खिशात भिंग. हातात हुपरीच्या डॉक्टरांची चिठ्ठी आणि बंद नळीत पुवाचा बोळा.

"बसा पावणं," शालूबाई म्हणाल्या. "काय झालं?"

"मला काय झालं न्हाय. बायकूचा पाय भाजलाय. चांदी उजळायचं पानी उकळत हुतं, सांडलं की. धा दीस झालं. सुया चालू हाईत, पर पू काय थांबंना. डॉक्टर म्हनला, जंतू कुटला हाय त्ये बघून या, मग सुई बदलू."

"नाव?" प्रसेनजीतनं विचारलं.

"यल्लव्वा."

"वय?"

"छत्तीस लिवा. ती तीस सांगती, ती काय हितं न्हाय."

शालूबाई हसल्या. बाळासोही हसले. "घुंगरू जोडाय आख्ख्या गल्लीत तिच्यासारखा हात न्हाय वो," ते म्हणाले. "खाली बसल्याबिगर जोडता येत न्हाय, आनी पाय सुजलाय म्हनून बसता येत न्हाय. नुसती चिडचिड करती. तेवढा पाय बरा हुयाला पायजे."

जंतू वाढवून बघायचे तर दोन दिवस लागतात. म्हणून डॉक्टरांनी आधी आमचा रंगाचा रिपोर्ट मागितला होता, तो तासाभरात मिळतो. प्रसेनजीतनं पट्टी केली. जांभळी झाली, आयोडीन झालं. मग माझा थेंब. लाभ, दोन, तीन... त्या दिवशी मी माझं काम जितकं चोख केलं तितकं आयुष्यात केलं नसेल. पट्टी मायक्रोस्कोपखाली गेली आणि प्रसेनजीतनं शीळ घातली. सगळ्या पट्टीभर गुलाबी काड्या. एकसारख्या, ठसठशीत. त्यानं मान वर करून शालूबाईंना म्हटलं, "मावशी, याला म्हणतात धुणं."

मला आजवर मिळालेली शाबासकी ती एवढीच, आणि ती त्या दिवशीची आहे.

रिपोर्ट इंग्रजीत लिहिला. ग्रॅम निगेटिव्ह, पुढे जंतूचा आकार, खाली सही. बाळासोंनी कागद हातात घेतला आणि पहिल्या शब्दावर काळं बोट ठेवलं.

"ह्ये ग्रॅम. ह्ये मला येतंय, रोजचंच हाय. फुडं काय लिवलंय?"

"निगेटिव्ह."

"निगेटिव्ह? नक्की का?"

"व्हय की. अगदी स्वच्छ. शंकाच नाही."

प्रसेनजीतला पट्टी स्वच्छ आली होती असं म्हणायचं होतं. स्वतःच्या कामावर खूश असलेला माणूस स्वतःच्या भाषेत बोलतो. बाळासोंनी डोळे मिटले, कागद कपाळाला लावला आणि "लई उपकार झालं सायेब" म्हणून जिना उतरले. प्रसेनजीतला वाटलं, भाविक माणूस आहे. 'लगेच डॉक्टरांना दाखवा' असं तो म्हणणार होता. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात आतून मालक डॉक्टरांनी हाक मारली आणि ते वाक्य राहिलं.

मित्रांनो, मी घडवंचीवर उभी होते. मला सगळं ऐकू येत होतं. पण बाटलीला बोलता येत नाही, आणि आलं असतं तरी मी तेव्हा माझ्या शाबासकीतच होते.

वीसेक दिवसांनी बाळासो परत आले. दारातच उभे राहिले.

"वळखलं का सायेब?"

"हुपरी," प्रसेनजीत म्हणाला. "यल्लव्वा. पाय कसा आहे आता?"

"ती न्हाय आता."

शालूबाईंच्या हातातून काचेचं भांडं सुटलं नाही, पण नळ तसाच वाहत राहिला.

बाळासोंनी खिशातून चार घड्या घातलेला तोच कागद काढला आणि टेबलावर पसरला. "मी भांडाय आलो न्हाय," ते म्हणाले. "मला फकस्त ह्ये वाचून दावा. आमच्यात धा ग्रॅम चांदी वितळली आनी साडेनऊ भरली, तर अर्धा ग्रॅम घट म्हनत्यात. मायनस करून लिवत्यात. हितं लिवलंय ग्रॅम, आनी फुडं मायनसच म्हना की. मला वाटलं, पू घटलाय. ग्रॅमात घटलाय. तुमाला इच्यारलं, तर तुमी म्हनला, स्वच्छ हाय."

"डॉक्टरांना नाही दाखवलात?" प्रसेनजीतनं विचारलं.

"पू घटल्यावर कशाला दावू? सुई टोचून टोचून तरास झालता तिला, त्ये बी बंद केलं. घरात जाऊन वरडलो, अगं घट आली, घट! ती हसली. म्हनली, धनी, जल्मभर घट आली की कपाळाला हात लावला, आता घटीचं पेढं वाटा. वाटलं की पेढं. गल्लीत वाटलं." त्यांनी कागदावरची घडी बोटानं सपाट केली. "दोन दिसांनी ताप डोसक्यात गेला. कोल्हापुरात मोठ्या दवाखान्यात आनली. तितल्या डॉक्टरनी कागद बघितला आनी माझ्याकडं बघितलं. तवाच कळलं, कागदात कायतरी येगळंच हाय."

मग प्रसेनजीतनं त्यांना सगळं सांगितलं. माणसाचं आडनाव, जाड भिंत, पातळ भिंत, जांभळा, गुलाबी. जे मी तुम्हाला आत्ता सांगितलं ते सगळं, खाली मान घालून, एका मराठी माणसाला मराठीत. दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

बाळासो नीट ऐकत होते. कारागीर माणूस, त्यांना भिंतीचं लगेच कळलं.

"म्हंजे ग्रॅम ह्ये मानसाचं नाव."

"होय."

"आनी निगेटिव्ह म्हंजे जंतू हाय."

"होय. आहे."

"मग हाय तर हाय म्हनून लिवा की वो," बाळासो म्हणाले.

ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. कागदाच्या त्याच चार घड्या घालून त्यांनी तो खिशात ठेवला आणि गेले. शालूबाईंनी नळ बंद केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली पट्टी आली. जांभळी झाली, आयोडीन झालं, माझा थेंब पडला. प्रसेनजीत म्हणाला, "एक... दोन... तीन..." त्यानंतर अकरा वर्षं मी त्याच्या हाताखाली होते. 'लाभ' हा शब्द मी पुन्हा ऐकला नाही. शालूबाईंनीही त्याला त्यावरून पुन्हा कधी चिडवलं नाही.

त्या दिवसापासून प्रत्येक रिपोर्टखाली तो निळ्या पेननं मराठीत एक ओळ लिहायला लागला. 'जंतू आहेत. आजच डॉक्टरांना दाखवा.' नसतील तर, 'जंतू दिसले नाहीत. तरी डॉक्टरांना दाखवा.' मालक डॉक्टर महिनाभर बघत राहिले आणि मग म्हणाले, "प्रसेनजीत, हा रिपोर्ट आहे का रेशनकार्ड? इंग्रजीत मराठी घुसडू नकोस, लोकांचा विश्वास उडतो." मित्रांनो, आपल्याकडे कळलं नाही की विश्वास बसतो आणि कळलं की उडतो. प्रसेनजीतनं ऐकून घेतलं. आणि दुसऱ्या दिवशी महाद्वार रोडवरून त्या दोन ओळींचे दोन रबरी शिक्के करून आणले. लिहू नकोस म्हणाले होते, उठवू नकोस म्हणाले नव्हते. मालकांनी शिक्के बघितले, प्रसेनजीतचा चेहरा बघितला, आणि आत गेले. तेही वाईट नव्हते. त्यांनाही ती हाक आठवत असणार.

वर्षं गेली. माझं लेबल दोनदा बदललं. वरच्या क्लासमधली मुलं फाडफाड इंग्रजी बोलायला लागली आणि खाली येऊन आपल्या आईचा रिपोर्ट प्रसेनजीतकडून मराठीत समजून घ्यायला लागली. दोन हजार तीन साली कॉम्प्युटर आला. छापील रिपोर्टात सगळ्याला जागा होती, लॅबच्या चिन्हाला, वेबसाइटला, दिवाळीच्या शुभेच्छांना. त्या शिक्क्याला नव्हती. प्रसेनजीत कागद उलटा करून पाठीवर शिक्का मारायचा. मग रिपोर्टची पाकिटं आतून चिकटवूनच यायला लागली आणि तेही संपलं.

आणि दोन हजार सात साली आमचंही संपलं. लॅब एका मोठ्या कंपनीनं घेतली. आता इथं फक्त रक्त आणि पू गोळा करायचं, गाडीनं पुण्याला पाठवायचं, आणि जंतूंची जात तिकडे ठरवायची. प्रसेनजीतला पांढऱ्या कोटाऐवजी टोपी आणि मोटारसायकल मिळाली. मागे बर्फाची पेटी बांधून तो दवाखान्यांतून नळ्या गोळा करत हिंडतो. मायक्रोस्कोप विकला. आम्हा चौघींना खोक्यात घातलं. रंगीत बहिणींची काच रंगून गेली होती, म्हणून त्या कचऱ्यात गेल्या. मी धुतल्यावर स्वच्छ निघाले, म्हणून शालूबाईंनी मला पिशवीत घालून कळंब्याला आपल्या घरी आणलं. धुणारीला धुणारीनंच वाचवलं. तेव्हापासून त्यांच्या खिडकीत माझ्यात मनीप्लँट लावलेला आहे.

प्रसेनजीत अधूनमधून येतो, शालूबाईंची साखर तपासायला त्यांच्या बोटाला टोचतो आणि चहा पितो. मागच्या खेपेला म्हणाला, "मावशी, बाळासो भेटले स्टँडवर."

"कोन, हुपरीचं?"

"तेच. हातात पिशवी होती. गल्लीत कुणाचाही रिपोर्ट आला की त्यांच्याकडं देतात म्हणे. हे डॉक्टरच्या दारात जाऊन बसतात, उन्हातान्हात, कितीही वेळ. त्या दिवशी शेजारच्या सुनेचा होता. मी म्हटलं, बाळासो, तुम्हाला इंग्रजी वाचायला येतंय का आता? तर म्हणाले, न्हाय. मी वाचतच न्हाय. डॉक्टरपुढं ठिवतो आनी म्हनतो, हाय का न्हाय तेवढं मराठीत सांगा, त्याबिगर मी उठत न्हाय."

शालूबाईंनी पदर डोळ्याला लावला. प्रसेनजीत खिडकीकडं बघत होता, म्हणजे माझ्याकडंच, पण त्यानं मला ओळखलं नसावं. पानं बरीच वाढली आहेत.

तर मित्रांनो, डॉक्टर व्हा, टेक्निशियन व्हा, दुकानदार व्हा, काहीही व्हा. समोरच्या माणसाच्या हातात कागद द्याल तेव्हा त्याला तो समजला का, एवढं विचारल्याशिवाय आतल्या हाकेला ओ देऊ नका. आतली हाक थांबू शकते. आणि तुमच्या हातात असा कागद आला तर घरी बसून त्याचा अर्थ लावू नका. रिपोर्ट ही वाचायची वस्तू नाही, दाखवायची वस्तू आहे.

बोलायचं होतं ते बोलले. आता एक विनंती आहे, तुमच्यापैकी कुणी कळंब्याकडं राहत असेल तर. शालूबाईंना हल्ली नीट दिसत नाही. माझ्यातलं पाणी आठ दिवस झाले तसंच आहे. येता-जाता तेवढं बदला. डास व्हायला लागलेत.